घरच्या कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरसाठी संगणक: निवडीच्या नोंदी

८ नोव्हेंबर २०२५

घराभोवतीच्या चार कॅमेऱ्यांचे चित्रण दिवसरात्र साठवणारा संगणक कोणता असावा, हे ठरवण्यासाठी ही नोंदवही सुरू करीत आहे. तयार एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी) पेटी घेणे सोपे असते. पण तिच्यात कोणत्या कंपनीचे कॅमेरे चालतील, माणूस आणि मांजर यांतला फरक तिला कळेल की नाही आणि सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे मिळत राहतील, हे सारे पेटी बनवणाऱ्याच्या मर्जीवर राहते. त्यामुळे साधा संगणक, त्यावर लिनक्स आणि त्यावर चित्रण साठवणारे आणि त्यातला माणूस ओळखणारे फ्रिगेट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, असा आराखडा पक्का केला आहे. ब्लू आयरिस या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचाही विचार झाला, परंतु ते केवळ विंडोजवर चालते, आणि वर्षभर अखंड चालायच्या यंत्रावर मला विंडोज नको आहे.

कॅमेरे आधी आणि संगणक नंतर, हा क्रम मी जाणूनबुजून ठेवला आहे. बहुतेक जण आधी 'दमदार' संगणक घेतात आणि मग त्याला काय जोडता येईल ते पाहतात. त्यात पैसा जातो आणि वीजही. ठरलेले कॅमेरे चार मेगापिक्सेलचे, म्हणजे २५६० × १४४० चित्रबिंदूंचे आहेत. त्यांना वीज आणि जाळे एकाच केबलमधून मिळते, ते ऑनव्हिफ या कॅमेऱ्यांच्या सामायिक मानकाच्या एस आणि टी या दोन्ही प्रोफाइलना मानतात आणि आरटीएसपी या जाळ्यावरून चित्रण पाठवण्याच्या पद्धतीने दोन स्वतंत्र प्रवाह देतात. मुख्य प्रवाह पूर्ण आकाराचा असतो, तर दुय्यम प्रवाह ६४० × ३६० एवढा लहान असतो. संगणकाची निवड या दुय्यम प्रवाहावर किती अवलंबून आहे, हे पुढच्या हिशेबात दिसेल.

१० नोव्हेंबर

संगणकाला नेमके कोणते काम पडणार आहे, याची आज मांडणी केली.

साठवणूक हे काम वाटते तेवढे जड नाही. कॅमेरा स्वतःच चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ या संकेतात आवळून पाठवतो आणि फ्रिगेट तो प्रवाह न उलगडता, जसाच्या तसा, दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत डिस्कवर लिहिते. त्यासाठी प्रोसेसरला जवळजवळ काहीच करावे लागत नाही. जड काम आहे ते हालचाल आणि माणूस ओळखण्याचे, कारण त्यासाठी प्रत्येक चित्र उलगडून पाहावे लागते. हे उलगडणे प्रोसेसरच्या सर्वसाधारण गाभ्यांवर टाकले की पंखा घोंघावू लागतो; तेच ग्राफिक्स भागातल्या खास मंडलाकडे दिले, तर यंत्र थंड राहते. इंटेलने हे मंडल २०११ मध्ये, दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमध्ये, क्विक सिंक या नावाने आणले आणि त्यानंतरच्या पिढ्यांमध्ये त्याला एकेक नवा संकेत शिकवत नेला.

आता आकडे पाहू. मुख्य प्रवाहाच्या एका चित्रात ३६,८६,४०० बिंदू असतात, तर दुय्यम प्रवाहाच्या चित्रात २,३०,४००, म्हणजे सोळापट कमी. मुख्य प्रवाह सेकंदाला २० चित्रे देणार आणि ओळखण्यासाठी सेकंदाला ५ चित्रे पुरतात, म्हणजे आणखी चौपट बचत. दोन्ही मिळून चौसष्टपट कमी बिंदू तपासायचे असतील, तर 'किती गाभ्यांचा, किती गिगाहर्ट्झचा' हा प्रश्नच मागे पडतो. ज्या कॅमेऱ्याला धड दुय्यम प्रवाह नाही, तो संगणकाची किंमत वाढवतो, असे म्हणायला हरकत नाही.

ध्वनीच्या बाबतीत एक बारीकशी अडचण आहे. कॅमेरे बहुधा जी.७११ या जुन्या संकेतात आवाज पाठवतात आणि तो एमपी४ फाइलमध्ये बसत नाही. तो एएसी या नव्या संकेतात बदलून घ्यावा लागेल, पण त्याचा भार नगण्य आहे.

१४ नोव्हेंबर

आज उमेदवार यंत्रांची छाननी केली.

पडून असलेला, इंटेलच्या चौथ्या पिढीचा डेस्कटॉप पहिला तपासला. त्याचे ग्राफिक्स मंडल एच.२६४ उलगडते, पण एच.२६५ उलगडत नाही. इंटेलकडे ती सोय पूर्णत्वाने सहाव्या पिढीत आली आणि दहा-बिटी (रंगांच्या अधिक छटांच्या) चित्रासाठी सातव्या. दुय्यम प्रवाह एच.२६४ वर ठेवला तर हे यंत्र कॅमेऱ्यांपुरते चालूनही जाईल. परंतु माणूस ओळखण्यासाठी ग्राफिक्स भाग वापरायचा झाल्यास ओपनव्हिनो या इंटेलच्या ओळखण्याच्या सॉफ्टवेअरची मर्यादाही सहाव्या पिढीपासूनच सुरू होते, त्यामुळे ते बाजूला ठेवले.

रास्पबेरी पाय ५ विषयी आकर्षण होते, कारण ते यंत्र तळहाताएवढे आहे आणि वीजही फार खात नाही. परंतु त्यात एच.२६४ उलगडण्याचे मंडलच नाही. पाय ४ मध्ये ते होते, पाय ५ मध्ये काढून टाकले गेले आणि केवळ एच.२६५ चे राहिले. नवी आवृत्ती जुनीपेक्षा सर्व बाबतींत सरस असणार, हे गृहीत धरणाऱ्याची इथे फसगत होते. शिवाय मोठी डिस्क यूएसबीवर किंवा जादा पट्टी लावूनच जोडावी लागेल, ते वेगळेच.

सेलेरॉन जे४१२५ आणि एन५१०५ हे प्रोसेसर असलेले छोटे संगणक अजूनही पुष्कळ दिसतात. चित्र उलगडण्यात ते कुठेही कमी नाहीत. पण त्यांच्यात एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ हे आज्ञासंच नाहीत आणि फ्रिगेटला आता दोन्ही लागतात. खरे घोडे पेंड खाते ते इथे, कारण विक्रेत्याच्या तपशीलपत्रकावर गाभे, वेग आणि मेमरी मोठ्या अक्षरांत असतात, आज्ञासंचाचा मात्र उल्लेखही नसतो. ढोबळ नियम असा की सेलेरॉन किंवा पेंटियम हे नाव दिसले की आज्ञासंच स्वतंत्रपणे तपासावा. कोअर मालिकेत चौथ्या पिढीपासून दोन्ही संच आहेत.

इंटेल एन१०० हा २०२३ च्या जानेवारीत आलेला प्रोसेसर मात्र या सगळ्या चाळण्यांतून पार पडतो. चार गाभे, सहा वॉटची रचना-मर्यादा, एव्हीएक्स२ आहे, एच.२६५ आहे, ओपनव्हिनो चालते. केवळ प्रोसेसर पाहायचा असता तर नोंदवही इथेच मिटता आली असती.

शेवटचा उमेदवार म्हणजे कार्यालयांतून निघालेला सातव्या पिढीचा छोट्या उभ्या पेटीचा डेस्कटॉप, उदाहरणार्थ कोअर आय५-७५०० असलेला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या मान्य यादीत, थोडे अपवाद सोडले, तर इंटेलची आठवी पिढी आणि तिच्या पुढचेच प्रोसेसर आहेत. त्यामुळे सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे कार्यालयांना नकोशी झाली आहेत. लिनक्सला त्या यादीशी काही देणेघेणे नाही आणि दहा-बिटी एच.२६५ उलगडणारी पहिली पिढी नेमकी हीच आहे. नंतरच्या पिढ्यांपैकी एखादे यंत्र मिळाले तर उत्तमच, मात्र प्रोसेसरच्या क्रमांकाअखेरीस 'एफ' हे अक्षर असेल तर ते या कामासाठी घेऊ नये, कारण त्यात ग्राफिक्स भागच बंद असतो.

१६ नोव्हेंबर

डिस्कचा हिशेब मांडला आणि पेटीचा आकार त्यानेच ठरवला.

मुख्य प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिटचा धरला, तर एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत एक कॅमेरा ४३.२ जीबी लिहितो. चार कॅमेरे मिळून रोज १७२.८ जीबी होतात. ४ टीबीच्या डिस्कवर २३ दिवसांचे सलग चित्रण मावते आणि मला तीन आठवडे पुरेसे आहेत. वर्षभरात डिस्कवर सुमारे ६३ टीबी लिहिले जाईल. निगराणीसाठी बनवलेल्या डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक या डिस्क वर्षाला १८० टीबीच्या वापरासाठी असतात, म्हणजे त्यांच्या दृष्टीने हे काम मध्यम स्वरूपाचे आहे. रोजच्या वापराच्या डेस्कटॉप डिस्कवर हेच ओझे अनेकदा तिच्या मर्यादेपलीकडे जाते.

ही डिस्क साडेतीन इंची असते आणि एन१०० चे छोटे संगणक नेमके इथे अडतात. त्यांच्यात जागा असलीच तर अडीच इंची डिस्कची, तीही बहुधा सात मिलिमीटर जाडीची. अडीच इंचीत दोन टीबीच्या वर गेले की डिस्कची जाडी पंधरा मिलिमीटर होते. शिवाय या आकारातल्या मोठ्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे एका पट्ट्यावर दुसरा पट्टा अर्धवट चढवून लिहिणाऱ्या असतात. जुने पुसून नवे लिहिण्याचे चक्र सतत चालू असताना त्या अडखळतात. सीएमआर पद्धतीची, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवणारी डिस्कच घ्यायची, हे ठरले.

यूएसबीच्या खोक्यात साडेतीन इंची डिस्क घालून ती छोट्या संगणकाला जोडता येते, हे खरे. पण या आकाराच्या डिस्कला बारा व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत, म्हणून खोक्याला स्वतंत्र अडॅप्टर येतो. म्हणजे दोन अडॅप्टर, दोन केबली आणि निसटू शकणारा एक जोड. महिन्यातून एकदा प्रत काढण्यासाठी ही रचना ठीक आहे. अहोरात्र लिहिण्यासाठी मला डिस्क बोर्डाला थेट जोडणारी सॅटाची केबल आणि पेटीच्या आत स्क्रूने बसवलेली डिस्क हवी.

२१ नोव्हेंबर

माणूस, वाहन आणि प्राणी ओळखण्यासाठी वेगळे उपकरण घ्यावे का, यावर विचार केला.

गूगलचे कोरल हे उपकरण अनेक वर्षे या कामाचे पहिले उत्तर होते. सेकंदाला चार लाख कोटी क्रिया आणि त्यासाठी सुमारे दोन वॉट, हा त्याचा हिशेब अजूनही देखणा वाटतो. ते यूएसबीवर मिळते आणि बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या एम.२ पट्टीच्या रूपातही. पट्टीच्या बाबतीत सुसंगतीचे तीन पेच आहेत. पहिला म्हणजे छोट्या संगणकांत वाय-फायसाठी असलेली ई-खाचेची जागा दिसायला अगदी जुळती असते. पण काही बोर्डांवर तिथे केवळ इंटेलच्या वाय-फायपुरती सीएनव्हीआय जोडणी दिलेली असते, जादा उपकरणांसाठीची पीसीआय एक्स्प्रेस जोडणी नसते, आणि तिथे पट्टी बसली तरी दिसत नाही. दुसरा म्हणजे दोन चिप असलेल्या पट्टीला दोन स्वतंत्र मार्गिका लागतात आणि बहुतेक जागांत एकच असते, त्यामुळे अर्धे उपकरण निकामी राहते. तिसरा पेच चालकाचा आहे. पट्टीचा चालक लिनक्सच्या गाभ्याचा भाग नाही, तो बाहेरून बांधून घ्यावा लागतो आणि गाभा पुढे सरकला की तो मागे पडतो.

याउलट ओपनव्हिनो प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालते आणि त्याला नवी खाच लागत नाही. चार कॅमेऱ्यांना सेकंदाला पाच चित्रांप्रमाणे वीस तपासण्या लागतील. एकाच चित्रात दोन-तीन ठिकाणी हालचाल असली तर जास्त. एका तपासणीला वीस मिलिसेकंद लागले, तरी सेकंदाला पन्नास तपासण्या होतात. दहा-बारा कॅमेऱ्यांचा पसारा नसेल, तर स्वतंत्र उपकरणाची गरज नाही, असे माझे मत झाले आहे. एएमडीचे प्रोसेसर चित्र उलगडण्याचे काम चांगले करतात, पण ओपनव्हिनोला त्यांचा ग्राफिक्स भाग वापरता येत नाही, म्हणून या रचनेत ते मागे पडतात.

२५ नोव्हेंबर

निर्णय झाला: कोअर आय५-७५०० चा, छोट्या उभ्या पेटीचा, कार्यालयीन डेस्कटॉप.

एन१०० च्या बाजूने उरलेला एकच भक्कम मुद्दा विजेचा होता. दहा वॉटचा फरक वर्षभर अखंड राहिला, तर ८७.६ युनिटे होतात, ही काही दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नाही. परंतु छोट्या संगणकाच्या बाजूला डिस्कचे खोके आणि त्याचा अडॅप्टर मांडला की तो फरक बराच आक्रसतो. नवीन यंत्र बनवण्यात खर्ची पडणारे साहित्य हिशेबात धरायचे तर पारडे आणखी झुकते.

यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी ते चालू करून बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ मांडण्यांत) प्रोसेसरचा नेमका क्रमांक पाहिला, पेटी उघडून साडेतीन इंची जागा, मोकळी सॅटा जोडणी आणि डिस्कला वीज देणारी तार आहे का, ते तपासले. शेवटची गोष्ट विसरू नये. नामांकित कंपन्यांच्या कार्यालयीन यंत्रांत वीजपुरवठ्याची जोडणी बहुधा त्यांच्या खास पद्धतीची असते, बाजारातला साधा वीजपुरवठा तिथे बसत नाही आणि डिस्कची तार मूळ यंत्राबरोबरच यावी लागते.

२ डिसेंबर

जोडणी पूर्ण झाली.

मेमरी आठ जीबी पुरते, पण ती चार-चार जीबीच्या दोन पट्ट्यांत विभागून बसवली, कारण ग्राफिक्स भाग हीच मेमरी वापरतो आणि दोन वाहिन्या मिळाल्या की त्याची वाट रुंद होते. लिनक्स आणि फ्रिगेटची नोंद-माहिती लहान एसएसडीवर ठेवली. चित्रण तेवढे मोठ्या डिस्कवर जाईल. बायोसमधला सीआर२०३२ सेल बदलला. हा सेल जुन्या यंत्रांत संपत आलेला असतो, आणि तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ आणि सगळ्या मांडण्या पुसल्या जाऊ शकतात. त्यांतच 'वीज परत आली की आपोआप चालू हो' ही या कामातली सर्वांत मोलाची मांडणी असते.

डिस्कवर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइलरचना केली. ही रचना स्वतःहून पाच टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते. चार टीबीचे पाच टक्के म्हणजे २०० जीबी, आपल्या मापाने सत्तावीस तासांहून जास्त चित्रण. जिथे केवळ चित्रण साठवायचे आहे, त्या डिस्कवर हे राखीव कुरण निरर्थक असल्यामुळे ते शून्यावर आणले. डिस्क भरण्याची भीती नाही, कारण तासाभरापेक्षा कमी जागा उरली की फ्रिगेट सर्वांत जुने दोन तास पुसून टाकते.

फ्रिगेट ज्या बंदिस्त कप्प्यात चालते, त्या डॉकरमध्ये सामायिक मेमरी मुळात ६४ एमबी मिळते. ६४० × ३६० च्या प्रत्येक कॅमेऱ्याला सूत्रानुसार ६.८५ एमबी, चौघांचे मिळून २७.४ आणि नोंदींसाठी ४०, असे ६७ च्या पुढे जाते. फरक थोडाच असल्याने दोष लगेच दिसला नसता. म्हणून ती सरळ १२८ केली. ग्राफिक्सची उपकरण-फाइलही डॉकरच्या आत द्यावी लागते, नाहीतर सगळे उलगडणे निमूटपणे प्रोसेसरवर येऊन पडते.

५ डिसेंबर

चारही कॅमेरे जोडल्यावर प्रोसेसरवरचा भार क्वचितच वीस टक्क्यांच्या वर जातो, तपासणीला पंधरा ते वीस मिलिसेकंद लागतात आणि डिस्क, पंखा धरून संपूर्ण यंत्र वॉटमापकावर पंचवीस वॉटच्या आसपास राहते. वर्षाला साधारण २१९ युनिटे.

मुख्य प्रवाह एच.२६५ ठेवावा की एच.२६४, यावर मात्र दोन दिवस घालवले. एच.२६५ मुळे त्याच जागेत चित्र अधिक स्पष्ट येते. अडचण पाहण्याच्या टोकाला आहे: क्रोमने २०२२ मध्ये, १०७ व्या आवृत्तीत, एच.२६५ ला आधार दिला, पण पाहणाऱ्याच्या यंत्रात त्याचे मंडल असेल तरच. घरातल्या जुन्या टॅबलेटवर चित्रण काळे दिसत होते. शेवटी साठवणुकीचा मुख्य प्रवाह एच.२६५ आणि थेट पाहण्याचा दुय्यम प्रवाह एच.२६४ असा तह केला. कॅमेऱ्यांमधली 'स्मार्ट' किंवा 'प्लस' नावाची जास्तीची आवळणी बंद केली; ती पूर्ण चित्रांमधले अंतर मनमानी वाढवते आणि न उलगडता साठवलेला प्रवाह फक्त पूर्ण चित्राशीच कापता येतो. प्रत्येक सेकंदाला एक पूर्ण चित्र, हे माप योग्य ठरले.

९ डिसेंबर

कॅमेऱ्यांचे जाळे घरच्या इंटरनेटपासून वेगळे केले. त्यासाठी पीसीआय एक्स्प्रेसच्या जागेत दुसरे लॅन कार्ड बसवले. छोट्या पेटीत कार्डाची अर्ध्या उंचीची धातूची पट्टीच मावते, त्यामुळे कार्डाबरोबर ती पट्टी आहे ना, हे पाहूनच ते घेतले. कॅमेऱ्यांना बाहेरचे जग दिसत नसल्यामुळे त्यांची घड्याळे भरकटली असती, म्हणून याच संगणकाला वेळ सांगण्याची जबाबदारी दिली. चार कॅमेऱ्यांचा एकत्रित प्रवाह सोळा मेगाबिट; गिगाबिट कार्डाला त्याचे ओझे कसले!

पीओई स्विचचा, म्हणजे कॅमेऱ्यांना एकाच केबलमधून वीज आणि जाळे देणाऱ्या पेटीचा, हिशेब त्याहून महत्त्वाचा निघाला. ८०२.३एएफ या मानकानुसार स्विच प्रत्येक जोडणीला १५.४ वॉटपर्यंत देतो, त्यांपैकी कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोहोचण्याची हमी असते. रात्री अवरक्त दिवे लागले की कॅमेऱ्याची मागणी वाढते, म्हणून मोजमाप अंधार पडल्यावर केले. स्विच आणि संगणक दोन्ही एकाच यूपीएसवर ठेवले, कारण वीज गेल्यावर रेकॉर्डर जागा आणि कॅमेरे झोपलेले, याला काही अर्थ नाही. घरच्या विजेचा मुख्य स्विच बंद करून यूपीएस पूर्ण रिकामा होऊ दिला. त्याने दिलेल्या इशाऱ्यावर संगणक आपणहून नीट बंद झाला आणि वीज परत देताच स्वतः सुरू होऊन चारही प्रवाह लिहू लागला.

मागच्या दाराशी पाचवा कॅमेरा लावायचा विचार आहे. तो आला की रोजचे लेखन २१६ जीबी होईल आणि चार टीबीत साडेअठरा दिवसच मावतील. पेटीत साडेतीन इंची जागा एकच असल्यामुळे दुसरी डिस्क जोडता येणार नाही. तीन आठवडे टिकवायचे तर साडेचार टीबीहून थोडे अधिक लागतात, म्हणून पाचव्या कॅमेऱ्याबरोबरच सध्याच्या डिस्कच्या जागी सहा टीबीची सीएमआर डिस्क घ्यावी लागेल.